नाटकातली राणी आणि वर्गातला मुलगा

जपानी चित्रकथांशी आपली पहिली ओळख झाली ती डोरेमॉनच्या पोटावरील पिशवीतून. फुजिको एफ. फुजिओ यांनी १९६९ साली जन्माला घातलेले हे निळे यांत्रिक मांजर दूरदर्शनच्या पडद्यावर हिंदी बोलू लागले, आणि पेडण्यापासून डिचोलीपर्यंतच्या घरांत आज्यांनाही त्याचे नाव पाठ झाले. त्यामुळे 'मांगा' म्हणजे पोराटोरांचा खाऊ, असा एक सोयीस्कर समज आपण करून घेतला आहे. वस्तुतः जपानात कादंबरीने जे जे विषय हाताळले ते ते सारे मांगानेही हाताळले आहेत. स्वयंपाक, शेती, युद्ध, म्हातारपण, दिवाळखोरी, काही म्हणून वर्ज्य नाही. साप्ताहिकांतून व मासिकांतून प्रकरणाप्रकरणाने या कथा छापल्या जातात आणि मग त्यांचे खंड निघतात. पान उजवीकडून डावीकडे वाचावयाचे, एवढी एक सवय जडली की बाकी सारे सुगम असते.

आमचे नववी-दहावीचे विद्यार्थी आता डोरेमॉनला मागे टाकून पुढे गेले आहेत. इंग्रजी भाषांतरांतून, बहुधा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, ते ज्या कथा वाचतात त्यांत एक मोठा प्रवाह वयात येणाऱ्या मुलामुलींचा आहे. आणि त्या प्रवाहातही एक धारा अशी आहे की जिच्यात मुलाला मुलगा आवडतो, मुलीचा जीव मुलीवर जडतो, किंवा एखाद्या मुलाला आपला गणवेश, आपला आवाज, आपले नावच परके वाटू लागते. पालकांच्या दृष्टीस असे पान पडले की घरात गहजब होतो, आणि शिक्षकांच्या दृष्टीस पडले की पुस्तक टेबलाच्या खणात जाते. या जप्तीविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत. माझे मत प्रारंभीच सांगून टाकतो: ही पुस्तके सरसकट हिसकावून घेणे अयोग्य आहे, आणि ती न वाचताच हिसकावून घेणे तर शिक्षकाला मुळीच शोभत नाही.

या प्रश्नाचा विचार करावयास जपानला जाण्यापूर्वी आपल्याच जत्रेत क्षणभर थांबावे. कार्तिकात जत्रांचा हंगाम सुरू झाला की पेडणे तालुक्यात आणि पलीकडे सिंधुदुर्गात दशावताराचे पेटारे गावोगाव हिंडू लागतात. पेटी, मृदंग आणि झांज एवढेच वाद्यसाहित्य. लिहिलेली संहिता नाही. आख्यानाचा सांगाडा ठरलेला, पण संवाद नटाने जागच्या जागी रचावयाचे. आणि या सबंध मंडळीत स्त्री एकही नसते. द्रौपदी, तारामती, राजकन्या, कैकेयी, सर्व भूमिका पुरुषच करतात. त्यांना आपण 'स्त्रीपार्टी' म्हणतो. देवळाच्या मागच्या अंगाला आरसा टेकवून हा नट स्वहस्ते तोंड रंगवतो, नऊवारी नेसतो, अंबाडा बांधतो आणि मध्यरात्रीनंतर जेव्हा तो राणी होऊन विलाप करू लागतो तेव्हा मंडपातील बायाबापड्या पदराने डोळे पुसतात. तो पावसाळ्यात नांगर धरणारा शेतकरी आहे हे त्यांना ठाऊक असते. तरीही राणीचे दुःख त्यांना खोटे वाटत नाही. डिचोली-साखळीकडील देवळांच्या उत्सवांत गावकऱ्यांनी बसवलेल्या मराठी नाटकांचीही एके काळी हीच रीत होती. मंगेशीस १९०० साली जन्मलेले मास्टर दीनानाथ तर 'भावबंधना'तील लतिका म्हणूनच घराघरांत पोहोचले, आणि बालगंधर्वांच्या लुगड्यांची नक्कल पुण्या-मुंबईच्या कुलीन स्त्रियांनी केली हे सर्वश्रुत आहे.

आता याच गावची दुसरी सकाळ पाहा. रात्रभर जागलेली मुले शाळेत येतात. वर्गात एखादा मुलगा असतो, आवाज कोवळा, चालणे हळुवार, मैदानापेक्षा रांगोळीत रमणारा. त्याला वर्ग काय म्हणतो ते येथे छापण्याजोगे नाही, पण आपणा सर्वांस ते ठाऊक आहे. रात्री ज्या हावभावांना टाळ्या पडल्या त्याच हावभावांना दिवसा शिवी मिळते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दशावतारातील स्त्रीपार्टी आणि समलिंगी प्रेम या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्त्रीभूमिका करणारे बहुतेक कलावंत साधेसुधे संसारी गृहस्थ असतात, आणि त्यांच्या कलेवर भलताच अर्थ लादणे हा त्यांचा अपमान होईल. मला नटाविषयी बोलावयाचे नसून प्रेक्षकाविषयी बोलावयाचे आहे. पुरुषाच्या देहात स्त्रीचे अंतःकरण पाहण्याची, त्याला हसण्याऐवजी त्याच्यासाठी रडण्याची ताकद आमच्या प्रेक्षकांत आहे. ती ताकद मंडपाबाहेर पडताच कोठे जाते, एवढाच माझा प्रश्न आहे.

जपानी चित्रकथांचा जन्मही असाच रंगभूमीच्या सावलीत झालेला आहे. तेथे काबुकीत पुरुष स्त्रीभूमिका करतात हे पुष्कळांस माहीत असते. परंतु ओसाकाजवळच्या ताकाराझुका गावी याच्या नेमके उलट घडले. रेल्वेचे उतारू वाढावेत म्हणून कोबायाशी इचिझो नावाच्या उद्योजकाने १९१३ साली तेथे मुलींचे एक गायनपथक उभे केले. पुढल्या वर्षी त्याचे पहिले प्रयोग झाले, आणि आजतागायत त्या मंडळीत राजपुत्र, सरदार, सैनिक साऱ्या भूमिका स्त्रियाच करतात. याच गावात तेझुका ओसामु लहानाचे मोठे झाले. त्यांनी १९५३ साली जी चित्रकथा लिहावयास घेतली तिची नायिका सफायर ही मुलाचे व मुलीचे अशी दोन्ही हृदये घेऊन जन्मते आणि राज्य टिकावे म्हणून राजपुत्राच्या वेषात वाढते. पुढे १९७२ साली इकेदा रियोको यांनी फ्रेंच राज्यक्रांतीच्या पार्श्वभूमीवर 'व्हर्सायचे गुलाब' रचले. त्यातील ऑस्कर ही सेनापतीची कन्या पुरुषी गणवेशात राणीच्या रक्षकदलाची अधिकारी होते. ती कथा १९७४ साली ताकाराझुकाच्या रंगमंचावर गेली तेव्हा एक वर्तुळ पूर्ण झाले म्हणावयास हरकत नाही.

त्याच सुमारास, म्हणजे १९७४ मध्ये, हागिओ मोतो या तरुण लेखिकेने 'थोमासचे हृदय' ही कथा साप्ताहिकातून प्रसिद्ध केली. जर्मनीतील मुलांच्या वसतिगृहात ती घडते. एका विद्यार्थ्याच्या मृत्यूने ती सुरू होते, आणि त्याने मागे ठेवलेल्या पत्राचे ओझे ज्याच्यावर पडते त्या मुलाने प्रेमावर पुन्हा विश्वास ठेवावा की नाही, हा तिचा विषय आहे. हागिओ आणि त्यांच्या समवयस्क लेखिकांनी मांगाच्या तंत्रात जो बदल केला तो मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी चौकटी मोडल्या. मनातले शब्द फुग्याबाहेर काढून पानावर मोकळे सोडले. चेहरा जवळून दाखवावयाचा, मग नुसता पडदा हलताना दाखवावयाचा, मग एक रिकामी चौकट. चौदा-पंधराव्या वर्षी जे बोलता येत नाही, स्वतःशीदेखील बोलता येत नाही, ते सांगावयास याहून उचित साधन क्वचितच सापडेल. कादंबरीला जेथे दोन पाने खर्ची घालावी लागतात तेथे या लेखिका एका कोऱ्या चौकटीत काम भागवतात.

या धारेतील अलीकडच्या कथा वाचताना एक गमतीची गोष्ट ध्यानात येते. त्यांत पुनःपुन्हा शाळेचे नाटक येते! शिमुरा ताकाको यांची 'भटका मुलगा' ही दीर्घ कथा २००२ ते २०१३ या काळात चालली आणि तिचे पंधरा खंड झाले. निटोरी शुइची हा पाचवीतला मुलगा. त्याला मुलगी व्हावेसे वाटते. त्याची मैत्रीण ताकात्सुकी योशिनो. तिला मुलगा व्हावेसे वाटते. त्यांच्या शाळेत भूमिकांची अदलाबदल करून नाटक बसवण्याची कल्पना निघते, मुलांनी मुलींची कामे करावयाची आणि मुलींनी मुलांची. पुढे माध्यमिक शाळेत 'रोमिओ आणि ज्युलिएट' याच पद्धतीने बसते. वर्गातल्या इतरांना ती निव्वळ थट्टा असते. या दोघांना मात्र रंगमंच हे जगातले एकच ठिकाण असते की जेथे ते खरे असू शकतात. नाकातानी निओ यांच्या 'होता होता तू' या आठ खंडांच्या कथेतही (२०१५ ते २०१९) विद्यार्थी मंडळाचे नाटक आहे. कोइतो यूऊ आणि नानामी तोको या दोन मुलींची ती गोष्ट. तोको आपल्या दिवंगत बहिणीचे सोंग आयुष्यभर वठवू पाहते. आणि यूऊ नाटक लिहिणाऱ्या मैत्रिणीकडे जाऊन शेवट बदलावयास सांगते, जेणेकरून नायिकेला दुसऱ्या कोणाची प्रतिमा न होता स्वतःच होता यावे.

हे वाचून ज्यांना आपल्याकडचे काही आठवणार नाही त्यांनी विजय तेंडुलकर वाचलेले नसावेत. १९८१ साली रंगभूमीवर आलेल्या 'मित्राची गोष्ट'मध्येही महाविद्यालयीन नाटकात पुरुषाची भूमिका करणारी सुमित्रा नायिका झालेल्या नमाच्या प्रेमात पडते. रोहिणी हट्टंगडी यांनी ती मित्रा उभी केली होती. ज्या काळी या विषयाचे नाव घेण्याची चोरी होती त्या काळी तेंडुलकरांनी हे लिहिले, ही मराठी रंगभूमीची पुण्याई होय. परंतु दोन्ही कथांचा प्रवास निराळा आहे. मित्राला शेवटी या जगात राहता येत नाही. शुइची आणि योशिनो मोठी होतात, चुकतात, भांडतात, एकमेकांपासून दुरावतात, आणि जगतात. मराठीत सचिन कुंडलकर यांच्या २००६ सालच्या 'कोबाल्ट ब्लू' या कादंबरीने हे अंतर काहीसे कापले आहे. एकाच घरातील भाऊ आणि बहीण घरी राहावयास आलेल्या एकाच भाडेकरूवर प्रेम करतात. तो निघून गेल्यावर प्रथम भाऊ आणि मग बहीण आपापली बाजू सांगते. दोघांचे दुःख लेखकाने एकाच वजनाने तोलले आहे, भावाचे विचित्र आणि बहिणीचे स्वाभाविक असा पंक्तिप्रपंच केलेला नाही. ही कादंबरी तुमच्या वयाला थोडी पुढची आहे; बारावीनंतर अवश्य वाचावी.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की ही विदेशी थेरे आहेत. वर सांगितलेल्या दोन मराठी कृतींनंतर त्याचा फार विचार करण्याचे कारण उरत नाही. दुसरा आक्षेप: अशा कथा वाचून मुले तशी होतील. माझ्या मते यात पुस्तकाच्या सामर्थ्याविषयी वाजवीपेक्षा अधिक श्रद्धा आहे. आमच्या अभ्यासक्रमात शूरांची चरित्रे, संतांचे अभंग आणि स्वच्छतेचे निबंध पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांच्या वाचनाने वर्गच्या वर्ग शूर, संत आणि स्वच्छ झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही. कोणावर जीव जडावा हे पुस्तक ठरवीत नाही. आपला जीव जडला म्हणून आपण राक्षस ठरत नाही, एवढे मात्र पुस्तक सांगू शकते.

तिसरा आक्षेप वयाचा, आणि तो मला मान्य आहे. या धारेतील सर्वच पुस्तके शाळकरी मुलांच्या हाती देण्यासारखी नाहीत. ताकेमिया केइको यांची 'वारा आणि वृक्ष यांचे गीत' ही १९७६ पासूनची कथा वाङ्मयाच्या इतिहासात मोठी मानली जाते; पण तिच्यातील अत्याचारांचे चित्रण कोवळ्या मनाला झेपणारे नाही, आणि मी ती शाळेच्या कपाटात ठेवणार नाही. बाजारात याहून हीन, केवळ चाळवण्यासाठी काढलेली पुस्तकेही पुष्कळ आहेत. पण निवड करावयाची तर निवडणाऱ्याने आधी वाचले पाहिजे. मुखपृष्ठावर दोन मुलगे हात धरून उभे आहेत एवढ्यावरून जो निकाल देतो तो वयाचा विचार करीत नसतो.

कामातानी यूकी यांची 'शिमानामीची संध्याकाळ' ही चार खंडांची कथा (२०१५ ते २०१८) मी अशा परीक्षकांना मुद्दाम वाचावयास देईन. समुद्रकाठच्या, चढउतारांच्या ओनोमिची गावात ती घडते. तासुकु या मुलाचा भ्रमणध्वनी वर्गमित्रांच्या हाती लागतो, त्यात त्यांनी पाहू नये ते त्यांना दिसते, आणि वर्गात कुजबुज सुरू होते. तासुकु हसून ते नाकारतो, इतरांबरोबर स्वतःलाच हसतो, आणि त्या दिवशी जीव देण्याच्या विचाराने उंचावर जाऊन उभा राहतो. तेथून त्याला एक जुने घर दिसते. त्या घरात गावातील काही माणसे जमतात, चहा पितात, आणि पडक्या, सोडून दिलेल्या घरांची डागडुजी करतात. तासुकु त्यांच्याबरोबर हातोडा उचलतो. उपदेश कोणी करीत नाही. घराची मालकीण तर बहुतेक प्रश्नांना उत्तरच देत नाही! आणि लेखकाची प्रामाणिकता अशी की, ज्याला स्वतःला जखम झाली आहे तो तासुकुदेखील पुढे चांगुलपणाच्या भरात एका लहानग्याला, तो तयार नसता, सणाच्या गर्दीत पुढे करतो आणि दुखावतो. पीडित मनुष्य आपोआप शहाणा होत नाही, हे इतक्या सौम्यपणे सांगणारे पुस्तक विरळा.

तासुकुचा वर्ग आणि आपला वर्ग यांत अंतर किती आहे? कायद्याने आपले पाऊल पुढे पडले आहे. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी निष्प्रभ केले. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २०१९ चा कायदा शिक्षणसंस्थांना भेदभाव करण्यास स्पष्ट मनाई करतो. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने न्यायालयाने दिला नाही, तो विषय विधिमंडळाचा ठरवला. हे झाले दिल्लीचे. शाळेचे काय? राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२१ साली अशा मुलांना शाळेत कसे सामावून घ्यावे याविषयी शिक्षकांसाठी एक पुस्तिका तयार केली होती. आक्षेप येताच ती थोड्याच दिवसांत मागे घेण्यात आली. पुस्तिकेत सुधारणा करता आली असती. ती नाहीशी झाल्याने शिक्षक पुन्हा आपल्या जुन्या खणाकडे, म्हणजे जप्तीकडे, वळला.

आपल्या मुलांना जवळचे उदाहरण नाही असेही नाही. पेडण्याहून म्हापशाकडे निघाले की शापोरा नदीचा पूल ओलांडताच कोलवाळ लागते. तेथे वेंडेल रॉड्रिक्स राहत असत. वस्त्ररचनेतील त्यांच्या कर्तृत्वाबद्दल २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोव्याच्या विस्मृतीत गेलेल्या कुणबी लुगड्याला त्यांनी पुन्हा प्रतिष्ठा दिली, आणि आपल्या जोडीदाराबरोबर ते उघडपणे, सन्मानाने राहिले. १२ फेब्रुवारी २०२० रोजी ते गेले तेव्हा साऱ्या गोव्याने हळहळ व्यक्त केली. मोठ्या माणसाला आपण हे सहज माफ करतो, असे कोणी म्हणेल. 'माफ' हा शब्दच मला खटकतो, पण तो असो. कोलवाळच्या त्या कर्तबगार पुरुषाविषयी अभिमान बाळगावयाचा आणि आपल्या बाकावरील मुलाला टोचून बोलावयाचे, हे दोन्ही एकाच तोंडाने कसे जमते हे विद्यार्थी मित्रांनी स्वतःलाच विचारून पाहावे.

तेव्हा करावयाचे काय? माझी सूचना लहान आहे. शाळेच्या वाचनालयाने या धारेतील दोन-तीन निवडक पुस्तके आणावीत, ती नववीपासून पुढच्या विद्यार्थ्यांना मिळावीत, आणि त्यापूर्वी ती शिक्षकांनी व इच्छुक पालकांनी वाचावीत. आरंभ तागामे गेंगोरोह यांच्या 'माझ्या भावाचा नवरा' या चार खंडांच्या कथेने करावा. २०१४ ते २०१७ या काळात ती एका मासिकातून आली, जपानच्या सांस्कृतिक खात्याच्या महोत्सवात तिला पारितोषिक मिळाले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेतील आयझनर पारितोषिकही. प्रेमप्रसंग तिच्यात जवळजवळ नाहीत. याइची हा एकटा बाप, त्याची छोटी मुलगी काना, आणि एक दिवस दारात उभा राहिलेला माइक हा धिप्पाड कॅनडावासी. तो याइचीच्या मृत जुळ्या भावाचा पती आहे. याइची वरकरणी सभ्य आहे, मनातून अस्वस्थ. काना मात्र विचारते: एका देशात चालते आणि दुसऱ्यात चालत नाही, असे कसे? तिला कोणी उत्तर देऊ शकत नाही. वाचता वाचता आपल्याला कळते की ही कथा माइकची नसून बापाची आहे. सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे जे बोलणे झाले नाही त्याचा हिशोब तो आता एका परक्याच्या सोबतीने करतो आहे.

शिक्षकांसाठी तिच्या अखेरच्या खंडात एक प्रसंग आहे. काना शाळेत काकांविषयी मोकळेपणाने बोलते म्हणून तिचे वर्गशिक्षक याइचीला बोलावून घेतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. मुलीला इतर मुले त्रास देतील ही त्यांना काळजी असते, आणि म्हणून तिने हा विषय काढू नये असे ते सुचवतात. पहिल्या खंडातला याइची असता तर त्याने मान डोलावली असती. आताचा याइची शांतपणे सांगतो की, माझ्या मुलीने काही वाईट केलेले नाही. तिला कोणी त्रास दिलाच, तर तो त्रास आपण थांबवावा.